नकाशा, होकायंत्र आणि साताऱ्याचे डोंगर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात हिवाळ्यातील मैदानी व्यायामाविषयी लिहिताना मी ओरिएंटियरिंग या, नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे वाट शोधण्याच्या खेळाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर सातारा जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करतो, वय ४४. गेली सहा वर्षे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. मुलाने एन.सी.सी.च्या शिबिरात ओरिएंटियरिंग केले, तेव्हापासून तो मला "बाबा, तुम्ही नुसतेच चढता" असे म्हणतो. ट्रेकिंग आणि ओरिएंटियरिंग यांत नेमका फरक काय? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : सहा वर्षे न चुकता पहाटे किल्ला चढणाऱ्या माणसाच्या हृदयाचे आणि पायांचे भलेच झालेले असणार, त्यामुळे मुलाचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. तरीही त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या पायांना ती वाट पाठ झाली आहे. वाटेवरचे 'चार भिंती' स्मारक कधी मागे पडले आणि किल्ल्याचा दरवाजा कधी आला, हे आपल्याला आठवतही नसेल. ट्रेकमध्येही बहुतेक वेळा पुढे एक वाटाड्या असतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे चालतात. ओरिएंटियरिंगमध्ये वाटाड्या नसतो आणि ठरलेली वाटही नसते. आपण कोठे आहोत आणि पुढे कोठून जायचे, याचा निर्णय प्रत्येक खेळाडूला दर दोन-चार मिनिटांनी स्वतः घ्यावा लागतो.

खेळाची रीत अशी आहे. स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात आणि नकाशा सुरुवातीच्या क्षणीच हातात देतात. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तो प्रारंभ. त्यानंतर क्रमांक घातलेली वर्तुळे असतात, ती कंट्रोलची ठिकाणे. आणि शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळे असतात, तो शेवट. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर जमिनीवरची एखादी निश्चित खूण असते, म्हणजे एखादा मोठा धोंडा, ओढ्याचे वळण, पडक्या बांधाचा कोपरा किंवा घळीचे तोंड. तेथे पांढऱ्या आणि नारिंगी रंगाची, प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर लांबीची, तीन अंगांची कापडी निशाणी टांगलेली असते. निशाणीवरचा सांकेतिक क्रमांक आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहायचा, तेथील चिमट्याने कार्डावर विशिष्ट नक्षीची भोके पाडायची, आणि पुढच्या कंट्रोलकडे निघायचे. मोठ्या स्पर्धांत कार्डाऐवजी बोटात अडकवायची इलेक्ट्रॉनिक चिप असते. सर्व कंट्रोल क्रमाने आणि कमीत कमी वेळात गाठणारा जिंकतो. एक जरी सुटला तरी वेळ कितीही चांगली असो, निकालात नाव येत नाही. दोन कंट्रोलच्या मध्ये कोठून जायचे, याचे मात्र पूर्ण स्वातंत्र्य असते.

नकाशाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण या खेळाचा सगळा जीव त्यात आहे. ओरिएंटियरिंगचा नकाशा साधारणपणे १:१५,००० किंवा १:१०,००० या प्रमाणाचा असतो; म्हणजे दुसऱ्या प्रकारात नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचे १०० मीटर दाखवतो. त्यावर एकेक धोंडा, एकेक बांध आणि पाण्याचे डबकेसुद्धा दाखवलेले असते. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, तपकिरी, पाणी निळे, खडक आणि माणसाने बांधलेल्या वस्तू काळ्या, मोकळे माळरान पिवळे. आपल्या डोळ्यांना खटकणारी गोष्ट अशी, की सहज पळता येईल असे जंगल या नकाशात पांढरे असते आणि हिरवा रंग जसजसा गडद होतो तसतशी झाडी दाट होत जाते. आपल्याकडे कारवीची जाळी किंवा घाणेरीचे रान जेथे माजलेले असते, तेथे सर्वांत गडद हिरवा रंग द्यावा लागतो. तेथे घुसणाऱ्याचे कपडे आणि वेळ, दोन्ही जातात.

आपल्या मुलाला हा खेळ एन.सी.सी.त भेटला, यात नवल नाही, कारण त्याचा उगम लष्करी सरावातच आहे. स्वीडनच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनोळखी प्रदेशातून नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे जाण्याला हे नाव मिळाले. सर्वसामान्यांसाठीची पहिली स्पर्धा नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. पुढे स्वीडनमधील स्काउट चळवळीतले आणि सैन्यातले अधिकारी एर्न्स्ट किलांडर यांनी, तरुण मुले धावण्याच्या स्पर्धांना कंटाळू लागली आहेत हे पाहून, १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि तिला सुमारे २२० जण आले. आंतरराष्ट्रीय महासंघ मे १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी मिळून स्थापन केला. त्यानंतर महिन्याभरातच, २३ जून १९६१ रोजी, आपल्या साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण घरोघरी फौजी असलेल्या या जिल्ह्यात नकाशावाचन हा शब्द परका नाही, हे मला सतत जाणवते. कितीतरी घरांत रजेवर आलेल्या किंवा निवृत्त झालेल्या काकांना हे काम येते. त्यांना विचारणारे कोणी नसते, एवढेच.

प्रश्न : माझे वय ५६. आईला गेल्या तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मलाही पुढे हाच त्रास होईल का, ही भीती मनातून जात नाही. ओरिएंटियरिंगने स्मरणशक्ती टिकते असे मी वाचले, ते कितपत खरे आहे? आईला याचा उपयोग होईल का? (कराड)

उत्तर : आपल्या पत्रातली काळजी मी समजू शकतो, म्हणून जेवढे खात्रीने सांगता येते तेवढेच सांगतो.

आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग असतो. नवीन आठवणी पक्क्या करणे आणि आपण कोठे आहोत याचा अंदाज ठेवणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत, आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, ज्या भागांना लवकर झळ पोहोचते त्यांत हा भाग येतो. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे हे या आजाराचे एक सुरुवातीचे लक्षण असते, त्याचे कारण हेच. आईंच्या बाबतीत आपण ते कदाचित पाहिलेही असेल. स्थळाचे भान ठेवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ, माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. केवळ चालण्याचाही परिणाम होतो. अमेरिकेत १२० ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले, तर केवळ शरीर ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये ते थोडे घटले.

ओरिएंटियरिंगमध्ये ही दोन्ही कामे, म्हणजे दम लागेल असे चालणे आणि जागेचा विचार, एकाच वेळी होतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १८ ते ८७ वर्षे वयाच्या १५८ निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात या खेळातल्या मुरलेल्या खेळाडूंनी आपली वाट शोधण्याची क्षमता आणि स्मरणशक्ती इतरांपेक्षा चांगली असल्याचे नोंदवले. मात्र ही माहिती प्रश्नावलीतून, लोकांनी स्वतःविषयी दिलेली होती, आणि मुळातच ज्यांना जागेचे भान चांगले असते तेच या खेळाकडे वळतात, असेही असू शकते. म्हणून "हा खेळ खेळा आणि स्मृतिभ्रंश टाळा" असे मी लिहिणार नाही. शरीराला आणि बुद्धीला एकत्र काम देणारा व्यायाम पन्नाशीनंतर हाती धरणे शहाणपणाचे आहे, असे मात्र मी निःशंकपणे सांगतो.

आपल्यासाठी सुरुवात घराजवळच होऊ शकते. कराडला प्रीतिसंगमाच्या घाटावर फिरायला जात असाल, तर घरी परतल्यावर गेलेल्या वाटेचा नकाशा कागदावर आठवणीतून काढा; वळणे, देवळे, झाडे, दुकाने त्यात भरा. दुसऱ्या दिवशी तो कागद बरोबर नेऊन चुका दुरुस्त करा आणि परत येताना वेगळ्या गल्लीने या. मोबाइलवरचा वाट सांगणारा आवाज त्या वेळी बंद ठेवा. महिन्याभरानंतर कोणाच्या तरी सोबतीने खऱ्या नकाशावर जा.

आईंना या खेळासाठी नेऊ नका. वाट शोधण्याची परीक्षा त्यांना नाहक अस्वस्थ करील. त्यांचा हात धरून रोज एकाच ओळखीच्या रस्त्याने, एकाच वेळी फिरवून आणणे त्यांच्यासाठी हितावह आहे.

प्रश्न : मी बारावीत आहे आणि जिल्हास्तरावर ३००० मीटर धावते. सर, मला असे विचारायचे आहे की ज्याचा वेग जास्त तोच ओरिएंटियरिंगमध्ये जिंकणार ना? मग नकाशा शिकण्यात वेळ घालवण्यापेक्षा धावण्याचा सराव वाढवलेला बरा नाही का? (वाई)

उत्तर : बाळ, धावणे सोडू नकोस, पण तुझा हिशेब अर्धाच बरोबर आहे.

आपल्या डोंगरांची घडण आधी डोळ्यांसमोर आण. मेणवली-धोमकडून पांडवगडाकडे पाहिलेस की उभा कडा, मग एक सपाट पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा, असे थर दिसतात. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ही रचना झाली, आणि भूगर्भशास्त्रज्ञ तिला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला "ट्रॅप" हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. ज्या देशाने हा खेळ दिला, त्याच देशाच्या भाषेने आपल्या खडकाला नाव दिले आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. नकाशावर या पायऱ्या स्पष्ट उमटतात: कडा असेल तेथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटतात आणि सपाटी असेल तेथे दूर जातात. सातवीच्या भूगोलात हे आपण सगळेच शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

आता समज, तुला एका सोंडेच्या पलीकडच्या कंट्रोलला जायचे आहे. सोंडेवरून थेट गेलीस तर अंतर ८०० मीटर, पण चढ ९० मीटर. सोंडेला वळसा घालून गेलीस तर अंतर १४०० मीटर आणि चढ केवळ १० मीटर. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे एक मीटर चढणे हे सपाटीवरच्या सुमारे आठ मीटरांबरोबर येते. या हिशेबाने पहिली वाट १५२० मीटरांची ठरते आणि दुसरी १४८० मीटरांची. वेळ जवळजवळ सारखीच लागणार, पण वळशाच्या वाटेने तू कंट्रोलला पोहोचशील तेव्हा तुझा श्वास ताब्यात असेल आणि नकाशा वाचण्याइतके डोके ताळ्यावर असेल. छाती भात्यासारखी चालू असताना माणूस चुकीच्या घळीला बरोबर समजतो. अनुभवी खेळाडू कंट्रोल जवळ आला की मुद्दाम वेग कमी करतात, ते यासाठीच.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी क्रीडाशिक्षक असताना आठवीच्या नऊ मुलामुलींना यवतेश्वरच्या उतारावर सरावासाठी नेले होते. नकाशात पायवाट होती आणि पायांखालीही वाट होती, म्हणून मी होकायंत्र खिशातून काढलेच नाही आणि पुढे होऊन भराभर चालू लागलो. ती गुरांनी पाडलेली ढोरवाट होती. पाऊण तासाने ती कारवीच्या जाळीत शिरली आणि पलीकडे एकदम कडा लागला. मी नकाशा उलटसुलट करत असताना मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ओढा आपल्या डाव्या हाताला असायला हवा होता. तो उजवीकडे ऐकू येतोय." तिने अंगठा नकाशावरून एकदाही उचलला नव्हता. आम्ही शेजारच्या, अगदी तशाच दिसणाऱ्या सोंडेवर चढलो होतो. परत येऊन योग्य सोंड धरायला दीड तास गेला, आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. त्या मुलीपेक्षा माझा वेग दुपटीने जास्त होता.

अंगठ्याची ती सवय तूही लावून घे. नकाशाची घडी लहान कर, आपण जेथे आहोत तेथे अंगठ्याचे टोक ठेव, आणि पुढे सरकशील तसा अंगठा सरकव. नकाशा सतत जमिनीशी जुळवून धर, म्हणजे नकाशातली उत्तर ही खऱ्या उत्तरेकडे राहील, मग त्यावरची अक्षरे उलटी दिसली तरी चालतील. कंट्रोल थेट शोधण्याऐवजी त्याच्या जवळची सहज न चुकणारी मोठी खूण आधी गाठ, जसे ओढ्यांचा संगम किंवा बांधाचे टोक, आणि तेथून शेवटचे शे-दीडशे मीटर पावले मोजत जा. आपली शंभर मीटरला किती पावले पडतात, हे सपाटीवर, चढावर आणि उतारावर वेगवेगळे मोजून ठेव. हे अंगवळणी पडले की तुझ्या ३००० मीटरच्या वेगाचा खरा उपयोग होईल.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. या वयात हा खेळ सुरू करावा का? (कोरेगाव)

उत्तर : डॉक्टरांना दाखवून, जरूर करावा. जागतिक ज्येष्ठ स्पर्धांत ३५ वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा स्वतंत्र गट असतो आणि नव्वदीतले स्पर्धकही त्यात भाग घेतात. चालत पूर्ण करण्याला कोणी कमी लेखत नाही. ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यासाठी, चाकाच्या खुर्चीतून खेळता येईल असा ट्रेल-ओ हा प्रकार महासंघाने मान्य केलेला आहे. त्यात वाटेवर थांबून, समोर दिसणाऱ्या निशाण्यांपैकी नकाशाशी जुळणारी कोणती, एवढेच ओळखायचे असते आणि वेगाला महत्त्व नसते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामावर भर द्यायला सांगते. उतारवयात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे केवढे संकट असते, ते आपल्या आसपास आपण पाहतच असाल. डांबरी रस्त्यावर पाऊल रोज एकाच प्रकारे पडते. ओबडधोबड जमिनीवर घोटा, पोटरी आणि मांडीच्या लहानसहान स्नायूंना प्रत्येक पावलाला तोल नव्याने सावरावा लागतो. गुडघ्याचा त्रास चढापेक्षा उतारावर अधिक होतो, म्हणून काठी वापरा, लहान पावले टाका आणि सुरुवातीला सपाट माळावरच राहा.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही वयात पाळा. पहिली, अंगात ताप किंवा कणकण असताना मैदानात उतरू नका. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ या काळात ओरिएंटियरिंग करणाऱ्या १६ तरुणांचा आकस्मिक हृदयमृत्यू झाला. त्यांतील अनेकांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज आढळली, आणि तेथील खेळाडूंना आजारपणात सराव बंद ठेवण्याचा सल्ला कडकपणे दिला गेला. दुसरी, अतिरेक करू नका. फिनलंडमधील ज्येष्ठ ओरिएंटियरिंगपटूंच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी दिसले, पण वर्षानुवर्षे जोमाने स्पर्धा करणाऱ्या या पुरुषांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार अधिक आढळला. छातीत धडधड वाढल्यासारखी वाटली तर ती अंगावर काढू नका.

प्रश्न : मोबाइलमध्ये होकायंत्र असताना वेगळे विकत घ्यावे का? (फलटण)

उत्तर : घ्यावे. स्पर्धेत मोबाइल वापरता येत नाही, आणि फोनच्या कव्हरमधले चुंबक दिशा बिघडवते. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले, आत द्रव भरलेले होकायंत्र घ्या. त्यातील सुई चटकन स्थिर होते. हे रूप १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झाले. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एका अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र आपल्या काळ्या कातळात चुंबकीय खनिजे असतात, म्हणून होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नका. हातात, छातीच्या उंचीवर धरा.

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा डोंगराच्या पायथ्याला आहे. मुलांना हा खेळ शिकवायची इच्छा आहे, पण खर्चाची ऐपत नाही आणि नकाशाही मिळत नाही. काय करावे? (पाटण तालुक्यातील एक शिक्षक)

उत्तर : गुरुजी, आपल्यासारख्या पत्रांसाठीच मी हे सदर चालवतो.

पहिले दोन महिने शाळेच्या आवाराबाहेर पडू नका. मुलांना टेप आणि पावलांनी आवार मोजायला लावा आणि आवाराचा नकाशा त्यांच्याकडूनच १:१००० प्रमाणात काढून घ्या: व्हरांडा, हातपंप, ध्वजाचा कट्टा, कडुनिंब, कुंपणातली फट. आपण स्वतः काढलेला नकाशा मूल कधी विसरत नाही. त्यावर दहा वर्तुळे काढा. निशाणीसाठी जुन्या पांढऱ्या कापडाचा अर्धा भाग गेरूने रंगवला तरी काम भागते, आणि चिमट्याऐवजी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगाचा खडू दोरीने बांधून ठेवा. मूल कार्डावर त्या रंगाची रेघ ओढून येईल. हा खेळ खेळताना वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले पुष्कळदा पुढे येतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. रानात गुरे राखलेल्या मुलाला उताराचा अर्थ पुस्तकातून समजावून द्यावा लागत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांत २० मीटरांचे अंतर असते, म्हणून खेळाला ते तोकडे पडतात. पण भूगोलाच्या तासाला गावाच्या वरची खिंड, सोंड आणि घळ नकाशात ओळखून मग प्रत्यक्ष पाहायला नेण्यासाठी ते उत्तम आहेत. खेळासाठीचा बारकाईचा नकाशा तयार करायचा झाल्यास ओपनओरिएंटियरिंग मॅपर ही संगणकप्रणाली मोफत मिळते. उपग्रहचित्र खाली ठेवून त्यावर आखणी करायची आणि मग जमिनीवर फिरून प्रत्येक बांध, प्रत्येक धोंडा तपासायचा. हे काम चिकाटीचे आहे. एका माळासाठी काही सुट्या जातील. गावातला निवृत्त जवान या कामी बरोबर घ्या.

बाहेर नेताना एक नियम कधीही मोडू नका: गेलेली मुले आणि आलेली मुले मोजल्याशिवाय कोणीही घरी जायचे नाही. परतण्याची अंतिम वेळ आधीच सांगा, आणि जिंकत असलेल्या मुलानेही त्या वेळेला जेथे असेल तेथून शेवटाकडे यायचे, हे पक्के ठसवा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी. सहा फुंका म्हणजे मदत हवी. शिट्टी ऐकणाऱ्याने आपला खेळ सोडून तिकडे जायचे. वाट पूर्ण चुकली तर कोणत्या दिशेला चालत राहिल्यास रस्ता लागेल, ती दिशा निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून तोंडी म्हणून घ्या. पहिल्या सहा महिन्यांत जोडीनेच सोडा.

प्रश्न : मुलगी हट्ट धरून बसली आहे, पण साप, मधमाश्या आणि जंगली जनावरे यांची मला धास्ती वाटते. कास पठारावर असा सराव चालतो का? (सातारा, एक आई)

उत्तर : ताई, कासवर नको. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तेथील मातीचा थर बोटभर असतो आणि त्यात उगवणारी इवली फुले एका पावलाखाली जातात. वाट सोडून धावण्याचा खेळ तेथे कोणीही भरवू नये. राखीव वनात वन विभागाची आणि खासगी माळावर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय सरावही करू नये.

आपली धास्ती रास्त आहे. साताऱ्याच्या कातळ सड्यांवर फुरसे हा विषारी साप आढळतो. ते लहान आणि मातीच्या रंगाचे असते आणि दगडांच्या आडोशाला बसते. म्हणून कंट्रोल दगडाच्या कपारीत कधी लावायचा नाही, दगडाखाली हात घालायचा नाही, आणि पायांत घोट्यावर येणारे बूट व पूर्ण लांबीची पँट हवी. पावसाळ्यानंतरच्या कुसळांपासूनही त्यामुळे बचाव होतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. पाय हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. कड्यांवरच्या आग्यामोहोळाच्या आसपास वाट आखू नये आणि मुलांनी त्या दिवशी अत्तर लावू नये. गवा दिसला तर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. पहाटेच्या अंधारात आणि सूर्यास्तानंतर सराव नको.

सर्वांत योग्य काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा. नंतर उन्हाबरोबर वणव्याचा धोका वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाची वीज उघड्या माळावर माणसाला हेरते. आपल्या मुलीबरोबर पहिल्या दिवशी आपणही चला; माग काढत नव्हे, तर दुसरा नकाशा हातात घेऊन. दोघींनी जाताना मागचा माणूस नकाशा वाचतो आणि पुढचा फक्त चालतो, असा खेळ करता येतो, आणि प्रत्येक कंट्रोलला जागा बदलायच्या असतात. पाणी प्रत्येकी दीड लिटर आणि खिशात गूळ-शेंगदाणे असू द्या.